परदेशी विद्यापीठाचं फील्ड स्कूल आपल्या वाडीत येणार असेल तर हो म्हणण्याआधी काय बघायचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या अँथ्रोपॉलॉजी म्हणजे मानवशास्त्र डिपार्टमेंटचा मेल आलाय, जून-जुलैमध्ये पाच आठवडे दहा विद्यार्थी गुहागर तालुक्यातल्या तुमच्या वाडीत घरोघरी एकेक-दोघं असे राहणार, गावातलं जगणं शिकणार, घरांना पैसे देणार. आई तयार आहेत, काका म्हणतायत यात काहीतरी भानगड आहे, आणि काय विचारायचं, किती घ्यायचे हे तुम्हाला कळत नाहीये. मी स्वतः पुण्यात मानवशास्त्र शिकले आणि गेली बरीच वर्षं दापोली-मंडणगडकडे अशाच ग्रुपची गावातली व्यवस्था, दुभाषेपणा आणि घरवाल्यांशी बोलणी हेच काम करते, त्यामुळे दोन्ही बाजू जवळून बघितल्यात. माझं मत आधीच सांगते, हो म्हणा, चांगली गोष्ट आहे, पण ज्या बाईच्या चुलीवर हे पाच आठवडे निघणार आहेत तिच्या अटींवर हो म्हणा. बाकी सगळं त्यातूनच येतं.

आधी काकांचं बोलूया कारण त्यांची शंका उडवून लावण्यासारखी नाही. आपल्याकडे अनोळखी माणूस वही घेऊन फिरायला लागला की जमिनीचाच विचार पहिला मनात येतो आणि तो उगाच येत नाही, दाभोळचा वीज प्रकल्प झाला, जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प झाला, २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूला रिफायनरीसाठीच्या माती परीक्षणावरून काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. आता गंमत बघा, बहुतेक फील्ड स्कूलमध्ये मुलांना पहिल्याच आठवड्यात वाडीचा नकाशा काढायला लावतात, कुठलं घर कुठे, विहीर कुठे, पाणंद कुठून जाते, देऊळ, स्मशान, कोणाचं शेत कोणाला लागून. शिकायला हा फार चांगला अभ्यास आहे, पण लांबून बघणाऱ्याला तो हुबेहूब मोजणीच वाटणार. म्हणून मुलं यायच्या आधी प्रोफेसरने स्वतः येऊन वाडीच्या बैठकीत उभं राहून सांगायला पाहिजे की आम्ही कोण, पैसा कोणाचा, मुलं काय लिहून घेणार आणि ते कागद पुढे कुठे जाणार. फोनवर नाही, समोर. काकांना त्या बैठकीत पुढे बसवा, हवे ते प्रश्न विचारू द्या, आणि जो प्रोफेसर यायला टाळाटाळ करतो त्याला सरळ नाही कळवा, माझ्या अनुभवात पुढचा सगळा त्रास तिथेच कळून येतो.

फील्ड स्कूल म्हणजे काय हे घरात नीट सांगा कारण लोकांना वाटतं टुरिस्ट येणार. ही विशीतली मुलं असतात, बऱ्याच जणांची गावात राहायची पहिलीच वेळ, चार ते आठ आठवडे राहतात, त्याचे त्यांना कॉलेजात क्रेडिट मिळतात आणि त्यासाठी ते चांगली फी भरतात. दिवसभर लोकांबरोबर राहायचं, हाताखाली काम करायचं, बघायचं, विचारायचं, आणि रात्री बसून दिवसभराचं सगळं लिहायचं. ही पद्धत रुळली ती मॅलिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञापासून, पहिल्या महायुद्धाच्या काळात तो न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर गावातच तंबू ठोकून राहिला. तो गेल्यावर १९६७ मध्ये त्याची खासगी डायरी छापून आली आणि ज्या लोकांबद्दल त्याने एवढ्या जाणकारीने लिहिलं होतं त्यांच्यावरच त्यात किती चिडचिड भरलीय हे जगाला कळलं. मी हे घरवाल्यांना मुद्दाम सांगते. तुमच्या माजघरात बसून जे रोज रात्री लिहिलं जातंय त्यात तुम्ही आहात, तुमची भांडणं आहेत, सुनेचं माहेर आहे, कोणावर किती कर्ज आहे ते आहे, तेव्हा त्यात काय जाणार हे विचारायचा तुमचा पूर्ण हक्क आहे.

आता मुख्य गोष्ट, वेळ. त्यांना सुट्टी मिळते मे अखेर ते ऑगस्ट, म्हणून त्यांना जून-जुलै सोयीचा, आणि आपल्याकडे तेव्हाच बाईला मान वर करायला फुरसत नसते. भातलावणीच्या दिवसातली सकाळ प्रोफेसरला तपशिलात सांगा. पहाटे साडेचार-पाचला उठायचं, लाकडं ओली म्हणून चूल धुमसते, डोळे चुरचुरतायत, एकीकडे पेज, एकीकडे तव्यावर भाकऱ्या, शेतावर न्यायला सुकटीची चटणी नाहीतर काहीतरी कालवण, गोठ्यातलं शेण काढायचं, म्हातारीचं औषधपाणी, आणि उजाडलं की डोक्यावर प्लास्टिक घेऊन दाढीत म्हणजे भाताच्या रोपवाटिकेत उतरायचं, तरवा म्हणजे रोपं काढायची, जुड्या बांधायच्या, चिखलणी झालेल्या खाचरात वाकून लावत जायचं ते उन्हं कलेपर्यंत, आणि ऊन तरी कुठे असतं, पाऊसच. या सगळ्यात नऊ वाजता कोणी उठून ओटीवर येऊन बसलं आणि त्याच्यासाठी वेगळा चहा-नाश्ता करायला ती बाई शेतातून परत आली तर तिचा दिवस मोडतो, आणि तिच्या जागी मजूर लावायचा तर लावणीच्या दिवसात माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी चढलेली असते.

यावर मी जे करते ते सांगते. घराकडे फक्त सकाळची पेज किंवा जे घरात शिजलंय ते, आणि रात्रीचं जेवण. दुपारचं जेवण सगळ्या मुलांचं एकत्र, शाळेच्या नाहीतर समाजमंदिराच्या पडवीत, महिला बचत गटाकडून, त्यांचे पैसे वेगळे. शेतावर गेलेली मुलं घरच्यांबरोबर बांधावर बसून भाकरी खातील ती खुशीने खाऊ देत, तेच तर शिकायला आलेत. मुलांनी स्वतःचं ताट, स्वतःचे कपडे धुवायचे, मुलगे असले तरी, हे आधीच लिहून घ्या. आणि घरात जे होतं तेच खायचं, फणसाची भाजी, टाकळा, कुळथाची पिठी, सुकं. कोणाला शेंगदाण्याची किंवा माशांची ॲलर्जी असेल, कोणी अंडंसुद्धा खात नसेल तर ती यादी घरं ठरवायच्या आधी मागा, म्हणजे शाकाहारी मुलगी मच्छीमारांच्या खारवीवाडीत आणि मासे खाणारा मुलगा ज्यांच्याकडे मासे शिजत नाहीत अशा घरी असं होणार नाही.

पैशाचं. आकडा मी सांगणार नाही कारण दर गावानुसार आणि वर्षानुसार बदलतो, हिशोब कसा मांडायचा ते सांगते. एका मुलाचं पाच आठवड्यांचं तांदूळ, मासळी, दूध, गॅस, लाईट, पाणी तापवायचं सरपण हे एक. गादी, मच्छरदाणी, बादली, गळती असेल तर तेवढी कौलं चाळून घ्यायची, हे दुसरं, आणि हे ते यायच्या आधी मिळालं पाहिजे. तिसरं घरच्या बाईच्या कामाचे पैसे, रोजचे दोन-तीन तास धरून, लावणीची जी मजुरी गावात चालू असेल त्या हिशोबाने, आणि हे लोक हमखास विसरतात, स्वतः आपल्या घरातले पण विसरतात. सगळ्या घरांना एकच दर, बैठकीत जाहीर केलेला. पैसे तिच्या खात्यात, मधल्या माणसाच्या नाही. निम्मे आधी. मुलगा दुसऱ्या आठवड्यात आजारी पडून परत गेला तरी पूर्ण पैसे, कारण तुम्ही खोली आणि दिवस राखून ठेवलेत. विद्यार्थी किती फी भरतात ते बहुतेक विद्यापीठांच्या वेबसाइटवर असतं, बघून घ्या, घासाघीस करायला संकोच वाटणार नाही. एक मात्र, यांच्यासाठी कर्ज काढून कमोड बसवू नका. मुलांना आपला संडास दोन दिवसात जमतो, आणि पुढच्या वर्षी ते येतीलच याची कोणी खात्री देत नाही.

घरं कशी निवडायची हा नाजूक भाग आहे आणि यावर लोक गप्प बसतात. ज्याच्याशी पहिली ओळख होते तो आपल्याच वाडीतली, आपल्याच भावकीतली घरं सुचवतो, मग दहाच्या दहा मुलं एकाच वाडीत राहतात आणि गाव म्हणजे एवढंच असं लिहून जातात. घर देणं न देणं ज्याची त्याची मर्जी, पण विचारायला सगळीकडे गेलं पाहिजे, बौद्धवाडीत, मोहल्ल्यात, भंडारवाड्यात, खारवीवाडीत, कुणबीवाडीत. आणि मुलं ह्या घरातून त्या घरात जाणार, जेवणार, हे बैठकीतच स्पष्ट बोला, म्हणजे कोणी नंतर "तिकडे जेवून आलास तर आमच्या माजघरात येऊ नको" असं त्या पोराला ऐकवणार नाही. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी घर देऊ नये, त्यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही पण त्यांच्यासाठी बाकीच्यांना वगळायचं पण नाही. तसंच काही घरांत पाळीच्या दिवसांत देवघरात, स्वयंपाकघरात जायचं नसतं, ते मुलींना ओरिएंटेशनमध्येच सांगायला लावा. त्या घरात राहायचं की नाही हे मग त्या मुलीला ठरवता येतं.

आता या सगळ्याचा घराला काय उपयोग, नुसते पैसे का, असं तुमच्या मनात असेल तर एक प्रसंग सांगते. वंशावळ काढणं हा या मुलांचा ठरलेला अभ्यास असतो, पुरुषाला त्रिकोण, बाईला गोल, लग्नाला दोन आडव्या रेघा. वंशावळी गोळा करून अभ्यास करायची पद्धत रिव्हर्स या ब्रिटिश मानवशास्त्रज्ञाने १८९८ साली ऑस्ट्रेलियाजवळच्या टोरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेत बसवली आणि आपल्या मालवणात जन्मलेले गो. स. घुर्ये केंब्रिजला त्याच रिव्हर्सकडे शिकले, १९२४ पासून मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग त्यांनी सांभाळला, तेव्हा ही विद्या आपल्याला अगदी परकी नाही. तर एका घरी एक मुलगी ओटीवर आजींसमोर मोठा कागद पसरून बसली होती, मी दुभाषी. आजींना चार मुलगे, मुलीने चार त्रिकोण काढले, त्यांच्या बायका, नातवंडं, सगळं झालं. आजी कागदाकडे बघत राहिल्या आणि एका जागेवर बोट ठेवून म्हणाल्या, हिथं दोन गोल काढ. दोन मुली झाल्या होत्या, एक सव्वा महिन्याची गेली, एक तापात गेली, चालायला लागली होती. सून दारात भात निवडत बसलेली, वीस वर्षं त्या घरात नांदलेली, तिने हे पहिल्यांदा ऐकलं. हातातलं सूप खाली ठेवून ती सासूच्या शेजारी येऊन बसली आणि पुढची सगळी नावं मग तिनेच विचारली, मुलगी फक्त लिहीत होती.

बाहेरचं कोणीतरी काही माहीत नसल्यासारखं बसून विचारतं तेव्हा घरातली माणसं एकमेकांना ऐकतात, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय आणि मला या कामात सगळ्यात मोलाचं तेच वाटतं. पण म्हणूनच तो कागद कोणाचा हा प्रश्न आधी सोडवायचा. आमच्याकडे नियम आहे की वंशावळीची मूळ प्रत घरात राहणार, विद्यार्थ्याकडे नावं बदललेली नक्कल. फोटोंचं तसंच, लहान मुलांचे, अंघोळीच्या-पाणवठ्याच्या जागचे, मयताचे फोटो नाहीत, आणि इन्स्टावर काय टाकणार ते टाकायच्या आधी दाखवायचं. अमेरिकन विद्यापीठात माणसांवरच्या संशोधनाला आयआरबी नावाच्या समितीची मंजुरी लागते, तुमच्या ग्रुपने ती घेतलीय का, शिकण्यापुरतं आहे म्हणून घेतली नसेल तर तसं लेखी द्या म्हणावं. त्यांच्या अमेरिकन अँथ्रोपॉलॉजिकल असोसिएशनच्या नीतितत्त्वांतलं पहिलंच तत्त्व आहे कोणाचं नुकसान करू नका, आणि संमती घ्या हे पण त्यात आहे, तेव्हा तुम्ही अट घातली तर जाणता प्रोफेसर नाराज होणार नाही, उलट बरं वाटेल. संमतीचा कागद मराठीत हवा, वाचून दाखवलेला हवा, आणि मधेच "आता हे नको" म्हणायची मुभा हवी. शेवटच्या आठवड्यात प्रत्येक मुलाने आपण काय शिकलो ते वाडीसमोर सांगायचं आणि जे लिहिलं त्याची मराठी प्रत शाळेत नाहीतर वाचनालयात द्यायची, करारात घाला, नुसतं तोंडी ठरलेलं परत गेल्यावर राहून जातं.

कायद्याचं पटापट सांगते. परदेशी माणूस घरात उतरला की चोवीस तासांत त्याची ऑनलाइन नोंद करावी लागते, सगळे त्याला सी फॉर्म म्हणतात, आणि ती जबाबदारी ठेवून घेणाऱ्याची म्हणजे घरमालकाची आहे. रत्नागिरीच्या एसपी ऑफिसमध्ये परदेशी नागरिकांचं टेबल असतं, तिथे आधी जाऊन घरांची नोंदणी करून घ्या, पोलीस पाटलांना यादी द्या, ग्रामपंचायतीला पत्र द्या. राज्याच्या पर्यटन खात्याची निवास-न्याहारी योजना आहे, पुढे हे नेहमी करायचं असेल तर त्यात नोंदणी केलेली बरी. व्हिसा कुठला ते लेखी विचारा, टुरिस्ट व्हिसावर येऊन संशोधन करता येत नाही, आणि भारतातलं एखादं कॉलेज किंवा विद्यापीठ त्यांच्याबरोबर जोडलेलं असेल तर फार सोपं जातं. सॅटेलाइट फोन आणि तसली उपग्रहावरून मेसेज पाठवणारी यंत्रं अमेरिकन ग्रुप सुरक्षेसाठी म्हणून बरोबर ठेवतात, आपल्याकडे परवानगीशिवाय ती बाळगणं गुन्हा आहे आणि किनाऱ्यावर तर पोलीस ऐकूनच घेणार नाहीत, ड्रोनचंही तेच, दोन्ही घरीच ठेवून यायला सांगा. कोणा विद्यार्थ्याचा विषय औषधी झाडपाल्याचा असेल तर थांबा, २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे परदेशी व्यक्तीला इथली वनस्पती किंवा तिच्याबद्दलची लोकांकडची माहिती संशोधनासाठी घ्यायची तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी मंजुरी लागते, गावातल्या वैदूने आपुलकीने सांगितलं म्हणून ते चालत नाही. आणि माळ्यावरच्या पोथ्या, मोडी कागद, जुनी समई कोणाला भेट म्हणून देऊ नका. शंभर वर्षांवरच्या वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांवरची महत्त्वाची हस्तलिखितं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात, ती देशाबाहेर नेताना ते पोर विमानतळावर अडकेल.

पावसाची भीती घालायची नाही पण सांगायचं सगळं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने आमचं दापोली-मंडणगड झोडपलं, २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडलं आणि त्याच दिवशी महाडच्या तळियेत दरड आली, म्हणजे ते जे जून-जुलै मागतायत त्यातलेच दिवस. दरडीखालची, वहाळाच्या अगदी काठची घरं होमस्टेला देऊ नका. घाट आणि रेल्वे एकदम बंद पडली तर मुलं तीन-चार दिवस गावातच राहतील एवढा शिधा आणि औषधं हवीत, लाईट गेली की थोड्या वेळाने मोबाईलचं नेटवर्क पण जातं हे त्यांच्या ऑफिसला आधीच माहीत असू दे, नाहीतर तिकडचे आईबाप घाबरे होतात. चिखलात अनवाणी काम करणार तर लेप्टो म्हणजे चिखल-पाण्यातून होणाऱ्या तापाबद्दल प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांशी बोलून घ्यायला सांगा, पायाला जखम असेल तर शेतात उतरायचं नाही. फुरसं हा विषारी साप, बारीक असतं, गवताच्या पेंढ्यात, लाकडांच्या ढिगात दिसत नाही, रात्री परसात जाताना बॅटरी हातात पाहिजेच, आणि सापाच्या विषावरचं इंजेक्शन जवळ कुठल्या दवाखान्यात आहे, मोठं काही झालं तर डेरवणच्या हॉस्पिटलला नेणार की रत्नागिरीला, गाडी कोणाची, हे कागदावर लिहून प्रत्येक घरात भिंतीवर लावा. समुद्रात पोहायचं नाही. यावर चर्चा नाही. गुहागरची पुळण सपाट आणि शांत वाटते म्हणून बाहेरच्यांना खरं वाटत नाही, तेव्हा खारवीवाडीतल्या एखाद्या तांडेलाकडूनच म्हणजे होडीच्या म्होरक्याकडूनच सांगायला लावा, जो स्वतः जून-जुलैत होडी वर ओढून ठेवतो त्याचं ऐकतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदच असते, ज्यांना मच्छीमारीचा अभ्यास करायचाय त्यांना हे इथे आल्यावर कळतं आणि तोंड पडतं, पण जाळी विणणं, होड्यांची डागडुजी, बायकांचा सुक्या मासळीचा धंदा आणि उसनवारीवर दोन महिने कसे काढतात हे तेव्हाच बघायला मिळतं.

आणखी एक गोष्ट प्रोफेसरला सुचवा, ती मी प्रत्येक ग्रुपला सुचवते. मेमध्ये गाव भरलेलं असतं, जूनच्या मध्यावर शाळा उघडतात त्याआधी चाकरमानी मुंबईला परततात आणि मग ही मुलं येतात, त्यांना दिसतात म्हातारी माणसं, बायका, कुलूपबंद घरं. वही भरते ती "गाव ओस पडतंय" अशा निष्कर्षाने. पण तुमच्या वाडीचा अर्धा भाग विरार-नालासोपाऱ्यात आणि लालबागला आहे, मंडळ तिथे आहे, देवळाची वर्गणी तिथून येते, गणपतीला कोण कधी येणार ते तिथे ठरतं, १९८२ च्या गिरणी संपात कोणाची नोकरी गेली आणि कोण गावी परतलं हे पण तिथले लोकच सांगतील. पाच आठवड्यातले दोन-तीन दिवस मुलांना मुंबईला तुमच्या ग्रामस्थ मंडळाकडे न्या, रात्री तिथल्याच घरी राहू देत. गाव समजतं ते दोन्हीकडची घरं बघितल्यावर. शिवाय नाचणी आणि भाताची कामं लांबली, पाऊस उशिरा आला, तर तेवढेच दिवस तुमच्या आईंना मोकळे मिळतील.

तर मेलला उत्तर असं द्या. आम्हाला आवडेल, पण पहिल्या वर्षी दहा नाही, पाच मुलं. शक्य असेल तर त्यांच्या हिवाळ्याच्या सुट्टीत जानेवारीत एखादा छोटा ग्रुप आधी पाठवा, तेव्हा शेतं मोकळी असतात, बायकांना वेळ असतो. जूनच पाहिजे असेल तर प्रोफेसरने मार्च-एप्रिलमध्ये येऊन बैठक घ्यावी, दुपारच्या जेवणाची वेगळी सोय, निम्मे पैसे आधी, मराठीत करार. हे पाठवायच्या आधी आईंना आणि ज्या ज्या घरातून होकार आलाय तिथल्या बायकांना एका दुपारी एकत्र बसवा, पुरुषांशिवाय, आणि त्यांना काय जमेल काय जमणार नाही ते त्यांच्याच तोंडून लिहून घ्या, काकांच्या बैठकीत त्या बोलणार नाहीत. त्या यादीतलं काही प्रोफेसरला इंग्रजीत कसं लिहायचं अडलं तर मला पाठवा, आणि करार आला की सही करायच्या आधी दाखवा, मी वाचून देईन.